वस्तीतल्या मुलांसाठी सगळ्यांनी मिळून काम करायचं म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी, शाळा, आरोग्य केंद्र, संस्था, बचत गट, मंडळ सगळं एकाच वस्तीत असतं आणि तरी एखादं मूल सगळ्यांच्या मधून सुटतं. त्याबद्दल लोक जे परत परत विचारतात ते इथे एकत्र टाकलंय. महाराष्ट्रातल्या शहरी वस्त्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, गावाकडे समित्यांची नावं बदलतात, अडचणी फारशा बदलत नाहीत. सोपे प्रश्न आधी, डोकेदुखीचे नंतर.

१. समन्वय समन्वय सगळेच म्हणतात, पण नेमकं करायचं काय असतं?

अडलेल्या प्रत्येक मुलाचं नाव कुणातरी एकाच्या अंगावर असायला हवं आणि तो एक कोण हे बाकीच्यांना माहीत असायला हवं, एवढंच. मीटिंगा आणि करारपत्रं लागलीच तर यासाठीच लागतात.

समजा एक घर आहे. दोन वर्षांची मुलगी, वजन वाढत नाहीये. आईला टीबीची औषधं चालू आहेत, वडील नाक्यावर रोजंदारीला उभे राहतात, आणि नऊ वर्षांचा भाऊ बहिणीला सांभाळायला म्हणून आठवड्यातले तीन दिवस शाळा बुडवतो. अंगणवाडीच्या नोंदीत ती मुलगी "मॅम", म्हणजे मध्यम कुपोषित. आरोग्य केंद्रात आई टीबीची पेशंट. शाळेत भाऊ "अनियमित". तीन रजिस्टरं, तीन केसेस, घर मात्र एक. आता टीबीच्या पेशंटच्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला तपासायचं आणि टीबी नसला तरी प्रतिबंधक औषध सुरू करायचं हा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे, पण टीबीवाल्यांना ती मुलगी माहीत नाही आणि अंगणवाडीताईंना आईचा टीबी माहीत नाही. या तिघांपैकी कुणीही आळशी नाही हो, फक्त एकमेकांशी बोलणं नाही.

२. आमच्या वस्तीत कोण कोण काम करतं हेच नीट माहीत नाही, सुरुवात कुठून करू?

पायी फिरून. ऑफिसात बसून यादी बनवली की तीच तीन नावं येतात जी आधीपासून माहीत असतात.

फिरताना आधी हद्दी समजून घ्या, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. अंगणवाडी राज्याच्या महिला व बाल विकास विभागाच्या नागरी प्रकल्पात येते, तिच्यावर मुख्यसेविका आणि त्यावर सीडीपीओ म्हणजे बाल विकास प्रकल्प अधिकारी. शाळा महापालिकेची असेल तर शिक्षण मंडळ किंवा शिक्षण विभाग वेगळा. आरोग्य केंद्र महापालिकेच्या आरोग्य विभागाचं, साधारण पन्नास हजार लोकवस्तीला एक असं धोरण. पोलीस स्टेशनची हद्द आणखी वेगळी. या चारही हद्दी एकमेकांवर नीट बसत नाहीत, त्यामुळे गल्लीच्या अलीकडच्या घरांची एक अंगणवाडी आणि पलीकडच्यांची दुसरी, आणि मधली दहा-बारा घरं दोघींच्याही सर्व्हेत नाहीत असं हमखास सापडतं. हाताने काढलेला एक नकाशा पुरतो, त्यावर चार रंगांनी चार हद्दी मारा आणि जी घरं कुठल्याच रंगात येत नाहीत तिथून काम सुरू करा.

३. अंगणवाडीत खिचडीशिवाय काय मिळतं?

बरंच काही, फक्त लोकांना खिचडीच दिसते. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून सहा सेवा ठरलेल्या आहेत: पूरक आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण, आयांना आरोग्य-आहाराचं मार्गदर्शन, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि गरज पडली तर पुढे दवाखान्यात पाठवणं. यातल्या शेवटच्या तिन्ही आरोग्य खात्याशिवाय होऊच शकत नाहीत, म्हणजे एकत्र काम करणं योजनेच्या मांडणीतच आहे, वरून चिकटवलेलं नाही.

आहारात सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचं पाकीट (टीएचआर) आणि तीन ते सहाच्या मुलांना केंद्रात शिजवलेलं गरम जेवण. हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

आणि मुलं केंद्रात येत नसतील तर केंद्राने मुलांकडे जायचं ही कल्पनाही नवीन नाही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणात जाऊन हेच केलं होतं.

४. अंगणवाडीताई आणि आशाताई एकच का?

नाही. अंगणवाडी सेविका महिला बाल विकासची, तिचं एक केंद्र असतं. आशा आरोग्य खात्याची, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आणि नंतर २०१३ च्या शहरी अभियानातून शहरात, तिला केंद्र नसतं, ती घरोघर फिरते. वजन, आहार, बालवाडीचं शिक्षण हे सेविकेकडे. गरोदरपणाची नोंद, लसीची आठवण, बाळंतपणाला दवाखान्यात सोबत हे आशाकडे. दोघींचा मोबदला तुटपुंजा आणि दोघींवर कामाचा ढीग, हे प्रश्न २० ला परत येईल.

५. आमच्याकडे अंगणवाडीच नाही, आणि वस्ती अनधिकृत आहे म्हणून मिळणारही नाही असं सांगतात. खरं आहे का?

नाही. घर अधिकृत की अनधिकृत हा जमिनीचा वाद आहे, मुलाच्या आहाराचा नाही. सुप्रीम कोर्टाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात स्पष्ट म्हटलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही तिथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळायला हवी, आणि त्यात झोपडपट्टीचा वेगळा उल्लेख आहे.

म्हणून भांडण्याआधी मुलं मोजा. नाव, वय, पालक, घराची खूण अशी यादी, खाली पालकांच्या सह्या-अंगठे, एक प्रत सीडीपीओ ऑफिसला देऊन दुसरीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. खरी अडचण बऱ्याचदा मंजुरीची नसून जागेची असते, शहरात अंगणवाडीला मिळणाऱ्या भाड्यात खोली मिळत नाही, आणि इथे मंडळाचं ऑफिस, समाजमंदिर, संस्थेचं सेंटर असं कुणी सकाळची वेळ मोकळी करून दिली तर महिन्यांचं काम दिवसांत होतं.

६. पहिली मीटिंग कुणी बोलवायची? आम्ही छोटी संस्था, आम्हाला कोण विचारणार?

ज्याच्याकडे यादी आहे त्याने बोलवावी. "समन्वयाबाबत चर्चा" असं पत्र पाठवलं तर कुणी येत नाही किंवा प्रतिनिधी येऊन सही करून जातो, पण "तुमच्या हद्दीतल्या ११ मुलांचं लसीकरण राहिलंय, नावं आणतो, अर्धा तास द्या" म्हटलं की आरोग्य केंद्राच्या सिस्टर स्वतः वेळ काढतात.

जागा शक्यतो अंगणवाडी किंवा शाळा, म्हणजे संस्था दुसऱ्याच्या दारात जाते आणि "आमचा कार्यक्रम" हा वास येत नाही. वेळ सेविका आणि शिक्षकांना विचारून. हार-तुरे नकोत, प्रास्ताविक तर मुळीच नको. वस्तीतल्या दोन-तीन आयांना बोलवा आणि त्यांना बोलायला लावा, नाहीतर सगळे कर्मचारी एकमेकांना रिपोर्ट वाचून दाखवतात.

७. यासाठी नवीन समिती काढावी का?

शक्यतो नको. कागदावर आधीच इतक्या आहेत की त्यातली एक जागी केली तरी खूप. ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समिती असते आणि तिला वर्षाला ५,००० रुपये असा छोटा मुक्त निधी असतो, जो कित्येक ठिकाणी पडून राहतो. शाळेची व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायद्यानेच असते, तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका. प्रभाग पातळीवर बाल संरक्षण समिती असते. तुमच्या कामाला जवळची कुठली ते बघा आणि तिच्या विषयपत्रिकेवर मुलांचे दोन मुद्दे टाकून घ्या.

८. आम्ही मुलांना दवाखान्यात पाठवतो, चिठ्ठी पण देतो, तरी ती पोचतच नाहीत. पालकच बेफिकीर असतात का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि "पालक बेफिकीर" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. चिठ्ठी देणं म्हणजे पत्ता सांगणं. त्यापुढे रोजंदारी बुडवायची, दोन वाहनं बदलायची, कुठल्या खिडकीवर केसपेपर निघतो ते शोधायचं, तिथे कुणी खेकसलं तर ऐकून घ्यायचं आणि बाकीची मुलं कुठे ठेवायची ते बघायचं, हे सगळं आईच्या डोक्यावर.

काम होतं ते तीन गोष्टींनी. ज्याच्याकडे पाठवताय त्याला आधी फोन, "उद्या अमुक आई येतेय, ओपीडी किती वाजता". पहिल्या वेळी सोबत, आशाताई, बचत गटातली शेजारीण, संस्थेची कार्यकर्ती कुणीही चालेल. आणि तिसरी गोष्ट जी सगळे विसरतात, परत आल्यावर विचारणं: काय सांगितलं, पुढची तारीख कधी, औषध मिळालं का. ही शेवटची माहिती ज्याने पाठवलं त्याच्याकडे परत गेलीच पाहिजे, नाहीतर सेविकेच्या रजिस्टरमध्ये "संदर्भित केले" असं लिहिलेलं राहतं आणि मूल घरीच. महिन्याच्या मीटिंगमध्ये एकच आकडा विचारा, किती पाठवले हा नाही, किती पोचून परत आले तो.

९. कुपोषित मूल सापडलं तर कोण काय करतं?

आधी मोजायचं, डोळ्यांनी ठरवायचं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर ते "सॅम", तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ म्हणजे "मॅम". दंडघेर मोजायची पट्टी वापरायला कार्यकर्तीही पटकन शिकते, पण पक्की नोंद अंगणवाडीत वजन-उंची घेऊनच.

सॅम मूल खात असेल, ताप-जुलाब-सूज काही नसेल तर वस्तीतच जादा आहार, औषधं आणि दर आठवड्याला वजन. भूकच मेली असेल किंवा सूज, ताप असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र, एनआरसी, तिथे आईसकट साधारण दोन आठवडे राहावं लागतं. आणि गाडी अडते ती इथे. आई म्हणते घरी अजून दोन लेकरं आहेत, मी पंधरा दिवस कशी राहू. केंद्रात आईला बुडीत मजुरीपोटी काही रक्कम मिळते हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, पण पैशांनी सगळं सुटत नाही, घरच्या दोन लेकरांना जेवायला कोण घालणार हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर सरकारी योजनेत नाही, शेजारपाजारच्या बचत गटात आहे किंवा संस्थेच्या पाळणाघरात. कुपोषणाच्या कामात संस्थांनी आणखी पाकिटं वाटण्यापेक्षा हे घर सांभाळलं तर जास्त उपयोग होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

१०. आधार नाही, जन्मदाखला नाही. मग काहीच मिळणार नाही ना?

मिळतं. शाळेत वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४. आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवू नये हे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या आधार निकालात सांगितलंय. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमध्ये (सेविकेच्या फोनवरचं नोंदींचं सरकारी अॅप) बाळाऐवजी आईच्या आधारवर नोंद होते.

पण म्हणून कागद करायचेच नाहीत असं नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा लागणार आहे. जन्म २१ दिवसांत नोंदवला तर काही कटकट नाही, एका वर्षानंतर मात्र जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. घरी झालेल्या बाळंतपणांवर आशाताईंनी लक्ष ठेवलं आणि संस्थेने वर्षातून दोनदा दाखल्यांचा कॅम्प लावला तर पुढची दहा वर्षांची धावपळ वाचते.

११. वर्षाच्या मध्ये शाळा घेत नाही, किंवा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि कधी शाळेतच गेला नाही. काय करू?

घ्यावंच लागतं. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, म्हणजे ११ वर्षांच्या मुलाला पहिलीत नाही तर साधारण पाचवीत. दाखला यायला उशीर होतोय म्हणूनही अडवता येत नाही. लेखी अर्ज द्या, मुख्याध्यापक नाही म्हणाले तर "कारण लिहून द्या" एवढंच नम्रपणे म्हणा, नव्वद टक्के वेळा तिथेच प्रवेश होतो. नाहीच झाला तर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी.

प्रवेशाचं काम एका दिवसाचं, टिकवण्याचं वर्षाचं. पाचवीत बसवलेलं पण अक्षरओळख नसलेलं मूल तीन आठवड्यांत पळतं, म्हणून ज्या संस्थेचा अभ्यासवर्ग आहे तिने वर्गशिक्षकांशी बोलून याच मुलांना आधी घ्यावं. हुशार मुलांचा क्लास चालवायला बाकी लोक आहेत.

१२. बांधकाम साइटवरची कुटुंबं चार-सहा महिन्यांत निघून जातात. त्यांच्यावर मेहनत घेऊन काय उपयोग?

त्यांच्यावरच घ्यायची. मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९६९ मध्ये दिल्लीत साइटवर पाळणाघर सुरू केलं ते याच मुलांसाठी, आणि डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९८८ पासून आधी मुंबईत आणि पुढे पुण्यातही अशा मुलांच्या शिक्षणाचं काम करतेय.

जाताना कुटुंबाच्या हातात तीन गोष्टी द्या: माता-बाल संरक्षण कार्ड (लसींच्या नोंदीचं), शाळेचं शिक्षण हमी कार्ड (नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवायचं), आणि पुढच्या ठिकाणच्या कुणाचातरी फोन नंबर. पोषण ट्रॅकरमध्ये एका केंद्रातून दुसरीकडे नोंद हलवायची सोय आहे, सेविकेला निघायच्या आधी सांगा, नंतर नाही. रेशन देशात कुठेही उचलता येतं हेही सांगा, पुष्कळांना अजून माहीत नाही. मुकादमाशी ओळख ठेवा, कोण कधी कुठे हलणार हे त्याला सगळ्यांत आधी कळतं.

१३. अपंग मुलाला अंगणवाडी-शाळा "विशेष शाळेत न्या" म्हणते.

निवड पालकांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या साध्या शाळेत किंवा पालकांना हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळायला हवं. अंगणवाडीही नाकारू शकत नाही, अशा मुलांना सामावून कसं घ्यायचं याच्या सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढल्यात. लवकर ओळखण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं, त्या दिवशी मूल हजर असेल हे बघणं वस्तीतल्यांचं काम. पुढे पाठवल्यानंतरचं प्रश्न ८ प्रमाणेच.

१४. सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय, त्यावर मुलांची माहिती टाकली तर चालेल ना?

तारखा, कॅम्प, लस संपली, सिस्टर रजेवर, हे टाका. मुलाचं नाव, फोटो, आजार, घरातलं भांडण हे नाही. ग्रुपमध्ये शेजारी असतात, मंडळाची पोरं असतात, आणि सकाळी टाकलेला मेसेज संध्याकाळी नळावर पोचतो.

थोडी कायद्याची बाजूही आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम २३ पीडित किंवा संरक्षण हव्या असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती हवी असं आहे. सोपी पद्धत: एक वही किंवा कुलूपबंद शीट, दोघा-तिघांकडेच, ग्रुपवर फक्त "केस ७, फोन करा". पालकांना आधी विचारा, "ताई, तुमच्या मुलाबद्दल सिस्टरशी बोलू का". निधी देणाऱ्याला रडणाऱ्या मुलाचा फोटो हवा असेल तर नाही म्हणायला शिका.

१५. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आहे. आधी सगळ्यांच्या मीटिंगमध्ये बोलून ठरवू का?

नाही! ही एकच जागा आहे जिथे सगळ्यांना विचारून काम करायचं नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असली तरी पॉक्सो २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षक असो, सेविका असो, शेजारी असो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे.

१०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलिसांचा आणीबाणीचा नंबर) ला फोन करा. मुलाला परत परत काय झालं ते विचारू नका, एकदा ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, पोलिसांनी युनिफॉर्म न घालता घ्यायचा असतो हे पालकांना आधी सांगितलं तर त्यांची भीती बरीच कमी होते. वस्तीतल्या मोठ्या माणसांनी बसून "मिटवून टाकू" म्हटलं तर तिथून उठा.

मारहाण, उपासमार, बालमजुरी, ठरलेला बालविवाह यातही फोन हेच नंबर, फक्त पुढची वाट बाल कल्याण समिती (सीडब्ल्यूसी) किंवा बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याकडे जाते.

१६. १७ वर्षांची मुलगी गरोदर आहे, स्वतःच्या मर्जीने राहते म्हणते. तरी कळवायचं का?

हो, कायद्याने १८ खालच्या मुलीची संमती धरली जात नाही. पण या भीतीनेच मुली दवाखान्यात जात नाहीत आणि मग जीवावर बेततं. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या प्रकरणात म्हटलंय की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-ओळख देण्याची गरज नाही. ही सवलत डॉक्टरपुरती आणि त्या परिस्थितीपुरती, संस्थेला सरसकट नाही. पहिलं काम तिला आरोग्य सेवेपर्यंत नेणं, आणि त्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सल्ला घेणं.

१७. हरवलेलं किंवा घरातून पळालेलं मूल रात्री आमच्या सेंटरवर आलं. एक रात्र ठेवू का?

१०९८ ला फोन करा आणि ते येईपर्यंत सोबत बसा, जेवायला घाला, पण "ठेवून घेणं" नको. हरवलेलं मूल सापडलं तर २४ तासांत कळवणं बंधनकारक आणि २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) सीडब्ल्यूसीपुढे नेणं आवश्यक. नोंदणी नसलेल्या संस्थेने मुलं निवासी ठेवणं हा बाल न्याय कायद्यात गुन्हाच आहे, किमान एक लाख दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही. समितीची बैठक त्या दिवशी नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं, आणि तुम्ही सामाजिक कार्यकर्ता म्हणून स्वतःही नेऊ शकता.

१८. मोठ्या संस्थेला निधी मिळालाय, त्यातला थोडा आम्हाला देऊन एकत्र काम करू असं म्हणतात. चालेल?

पैसा कुठला ते आधी विचारा. परदेशी असेल तर सप्टेंबर २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला तो देताच येत नाही, दोघींकडे एफसीआरए नोंदणी असली तरी नाही. मोठ्या संस्थेने खर्च स्वतःच करायचा, कार्यकर्तीचं मानधन किंवा साहित्याचं बिल तिच्याच नावावर. "सल्लागार फी" म्हणून फिरवून घेऊ असं कुणी सुचवलं तर दूर राहा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला पैसा असेल तर राबवणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते.

निधी नसतानाही एकत्र काम होतं, आणि बऱ्याचदा जास्त बरं होतं, कारण मग श्रेयाचं भांडण नसतं.

१९. नगरसेवक म्हणतात कॅम्पवर माझा बॅनर लावा. मंडळही तेच म्हणतं. लावायचा?

सगळ्यांची नावं एका आकारात, एका बॅनरवर, फोटो कुणाचाच नाही, हे आधीच ठरवून ठेवलं तर ऐनवेळी वाद होत नाही. नगरसेवकांना दुखवण्यात अर्थ नाही, पाणी, गटार, अंगणवाडीची खोली यात त्यांचाच उपयोग होतो. पण लाभार्थ्यांची यादी द्यायची नाही, कितीही गोड बोलले तरी. आणि आचारसंहिता लागली की कॅम्प शाळेत नि बिनबॅनरचा.

२०. अंगणवाडीताई मीटिंगला येतच नाहीत, आल्या तर चिडतात. सहकार्यच नाही!

जरा त्यांचा दिवस बघा. सकाळी मुलं, मग आहार, मग पोषण ट्रॅकरवर नोंदी, टीएचआर देताना फोनवर चेहरा पडताळणी, नेटवर्क नाही, मधेच एखादा सर्व्हे. आणि हे सगळं "मानधनावर". सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे सांगायला सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. अशा बाईला तुम्ही आणखी एक फॉरमॅट भरायला दिलात तर ती चिडणारच ना.

उलटं करा. "ताई, तुमचं कुठलं काम आम्ही हलकं करू?" वजनाच्या दिवशी दोन हात जास्त, गैरहजर मुलांच्या घरी एक फेरी, पालकसभेला खुर्च्या. तिच्या रजिस्टरमध्ये आहे ती माहिती परत सर्व्हे करून गोळा करू नका. आणि तिच्या केंद्रातल्या मुलांच्या हातात तुमच्या संस्थेच्या पाट्या देऊन फोटो काढू नका.

२१. आमचा प्रकल्प मार्चमध्ये संपतोय. वस्तीचं काय?

मार्चमध्ये सांगू नका, ऑक्टोबरमध्ये सांगा. सगळ्या चालू केसेसची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे पुढचा माणूस लिहा, संस्थेचं नाव नाही, माणसाचं: ही आशाताई, हे वर्गशिक्षक, ही बचत गटाची अध्यक्ष. त्या माणसाला त्या घरी एकदा बरोबर घेऊन जा, आईची ओळख करून द्या. ज्या नावापुढे कुणीच सापडत नाही ती मुलं मुख्यसेविका आणि बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा, पोच घेऊन. वजनकाटा, खेळणी, पुस्तकं अंगणवाडीला किंवा शाळेला रीतसर नोंद करून द्या. आणि तुमच्या कार्यकर्त्या त्याच वस्तीतल्या असतील तर त्यांचा नंबर लोक पुढेही लावणारच, म्हणून त्यांना शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्या ऑफिसांची दारं स्वतः फिरवून दाखवा.